डोळ्यांचा दाखला

आमचे हे शाळेची व्हॅन चालवतात. हिंगणी आणि आसपासच्या खेड्यांतली लेकरं सेलूच्या शाळेत आणतात. मी त्याच शाळेत शिक्षिका, म्हणून पुढची सीट माझी. सीट कसली, बिनपगारी नोकरीच ती!

"अहो, गाय!"

"दिसून राह्यली मले. तू तुह्या वह्या तपास."

दिसायची म्हणे! ब्रेक मात्र मी ओरडल्यावरच लागायचा. चष्म्याचं नाव काढलं की म्हणायचे, "मी काय म्हातारा झालो?" केस मात्र दर रविवारी काळे करायचे.

मागच्या वर्षी लायसन्स नवं करायची वेळ आली. प्रवासी गाडीवाल्याला त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टर ह्यांचे वर्गमित्र. त्यामुळे तपासणी म्हणजे चहा, शाळेतल्या चार गप्पा आणि सही. या वेळी बाजारात जायचं म्हणून मीही सोबत होते.

"डोळे बरे हाय ना बे?" डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

"एकदम फस्क्लास!"

मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तो भिंतीवरचा तक्ता वाचायले लावा ना यायले."

ह्यांनी माझ्याकडे असं पाह्यलं की विचारू नका. पहिली ओळ वाचली. दुसरी अंदाजानं मारली. तिसरीला म्हणाले, "याची छपाईच खराब हाय."

डॉक्टर पोट धरून हसले. मग पेनाला टोपण लावलं. "चष्मा घेऊन ये, मग सही. तोवर व्हॅन घरी."

घरी आल्यावर आमच्यावर आग पाखडणं सुरू. "माह्या पोटावर पाय द्याले घरचंच माणूस भेटलं काय?" लेकरं दुसऱ्या व्हॅननं जाऊ लागली. तिथंच रुळली असती तर आमचं वर्ष गेलं असतं. चष्मा तयार व्हायला आठ दिवस लागले, आणि आठही दिवस ह्यांनी अबोला धरला. मी भाजीत मुद्दाम मीठ टाकलं नाही, तरी हूं की चूं नाही. रात्री मलाच रडू यायचं. वाटायचं, तोंड बंद ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

चष्मा आला, सही झाली, दोघं सोडून बाकी सगळी लेकरं परत आली. पहिल्याच सकाळी मी तोंड उघडायच्या आत म्हशींसाठी ब्रेक लागला. मी बेरोजगार झाले.

तेवढ्यात मागून दुसरीतली एक चिमुरडी म्हणाली, "काका, तो गायवाला खेळ आता कधी खेळाचा?"

"कोणता खेळ गं?" मी विचारलं.

"तुमी रजेवर राह्यल्या ना मॅडम, का काका आमच्यातल्या एकाले पुढं बसवते. गाय, कुत्रं, माणूस, काई दिसलं का जोरात ओरडाचं. मंग चॉकलेट भेटते! मले त सात भेटले."

मी ह्यांच्याकडे वळले. ह्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी गाडी हळूच कडेला घेतली आणि थांबवली. मागे लेकरांचा कल्ला सुरूच होता.

रस्त्याकडेच बघत ते म्हणाले, "बरं झालं तू बोलली."