निळे टिंब खोलीवर, माणूस चाकणला

अर्जदार: मी स्वतः, अर्जलेखक, वय वर्षे एक्कावन्न, शिक्षण नववी उत्तीर्ण (दहावीचा फॉर्म भरला होता), बैठक भोसरी औद्योगिक वसाहतीतील झेरॉक्सच्या दुकानाच्या ओट्यावर.

ज्याच्यासाठी अर्ज केला तो: कॉम्प्रेसर दुरुस्त करणारा मेकॅनिक, वय चौतीस, मूळचा परभणीकडचा, राहणार भोसरी, भाड्याची खोली.

ज्यांच्याविरुद्ध केला ते: सदर मेकॅनिक ज्यांच्या सर्व्हिस एजन्सीत कामाला आहे ते मालक, भोसरीचेच जुने रहिवासी.

घटनेचा काळ: गेल्या वर्षीची खंडेनवमीची सकाळ ते दसऱ्याची दुपार.

साक्षीदार: पहिल्या, एजन्सीच्या कार्यालयात संगणकावर बसणाऱ्या ताई. दुसरी, चाकणच्या एका कारखान्याच्या गेटवरील वही.

नावे मुद्दाम दिलेली नाहीत. प्रकरण मिटलेले आहे आणि संबंधित सर्व मंडळी आजही एकमेकांचे तोंड पाहतात, ते तसेच पाहत राहावे अशी माझी इच्छा आहे. केवळ एका ओळीपुरते प्रकरण मिटलेले नाही. त्या ओळीकडे मी शेवटी येईन.

गेली बावीस वर्षे मी अर्ज लिहितो. पूर्वी अर्ज पाण्याचा, रेशन कार्डाचा, थकलेल्या पगाराचा असे. अलीकडे दहातले चार अर्ज मोबाईलचे असतात. मोबाईल हरवल्याचे नव्हेत, मोबाईलने माणूस शोधल्याचे. कामगाराच्या फोनमध्ये मालकाचे ॲप असते आणि मालकाच्या संगणकावर भोसरीचा नकाशा असतो. त्या नकाशावर प्रत्येक कामगाराचे एक निळे टिंब फिरते. टिंब थांबले की फोन येतो, "कुठंय?" एका टेम्पोचालकाचे टिंब एकदा इंद्रायणीच्या पात्रात दिसले आणि त्याला लेखी विचारणा झाली की, गाडी नदीत का घातली. त्याचे उत्तर मीच लिहिले होते. "गाडी पुलावर होती, नदी पुलाखालून वाहते, हे विनम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो." ते उत्तर त्या कंपनीत अद्याप वाचून दाखवतात असे ऐकिवात आहे.

माझी काम करण्याची एक पद्धत आहे आणि या प्रकरणात तिचाच संबंध येतो, म्हणून सांगतो. समोर बसलेल्या माणसाला मी बोलू देत नाही. माणसे बोलायला लागली की आजोळापासून सुरुवात करतात. मी प्रश्न विचारायचा आणि समोरच्याने "होय" किंवा "नाही" एवढेच म्हणायचे. तरुणपणी कोर्टाच्या आवारात वकिलांना असे करताना मी पाहिले होते. त्यामुळे अर्ज अर्ध्या तासात उभा राहतो आणि त्यात पाल्हाळ राहत नाही.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी हा मेकॅनिक हातात इंग्रजी पत्र घेऊन माझ्यापुढे आला. उंच, सडपातळ आणि नखांत कायमचे तेल. पत्र मी वाचले. नववीपर्यंतचे इंग्रजी पत्राला पुरते. मजकूर असा होता की, खंडेनवमीला सकाळी सातपासून दसऱ्याच्या दुपारपर्यंत आपले यंत्र (म्हणजे मोबाईल) आपल्या निवासस्थानी स्थिर आढळले. तातडीच्या तक्रारीसाठी केलेल्या अकरा फोनना उत्तर मिळाले नाही. सबब समाधानकारक खुलासा येईपर्यंत कामावर येऊ नये.

"फोन खोलीवर होता?" मी विचारले.

"व्हता साहेब, पण मी—"

"होय की नाही?"

"होय."

"उचलला नाही?"

"नाही. पूजेत ठिवला व्हता ना."

इथे मात्र मी पद्धत मोडून त्याला बोलू दिले. खंडेनवमीला अवजारे पुजायची आणि एकदा पूजेत बसली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा रिवाज भोसरीत कोणाला सांगावा लागत नाही. लेथपासून हातोडीपर्यंत सगळ्यांना झेंडू मिळतो. या गृहस्थाने खोलीत पाट मांडून त्यावर नट फिरवायचे पाने, पक्कड, प्रेशर गेज ओळीने ठेवले आणि शेवटी मोबाईलही ठेवला. त्यालाही हळदकुंकू, त्यालाही फूल.

"मोबाईल कशाला ठेवलास?"

"साहेब, पाना घरी राहिला तर मालक इचारत न्हाईत. म्हणतेत, दुसरा घे. फोन घरी राहिला तर पाच मिन्टात इचारतेत. मंग मोठं अवजार कोणतं?"

मला हे फार आवडले. इतके की पुढचे काही विचारायचे माझ्या मनातच आले नाही.

त्याची निकड काय होती तेही नमूद करतो. दिवाळीला त्याला कायम करण्याचे पत्र मिळणार होते. ते मिळाले की परभणीहून बायकोला आणि पहिलीतल्या मुलीला भोसरीला आणायचे, असे दोघांत ठरले होते. बायकोने ते मुलीला सांगून टाकले होते. मुलीने गावच्या शाळेतील बाईंना सांगून टाकले होते. रोज संध्याकाळी मुलगी फोनवर एकच विचारत असे, "पपा, मी इथली पाटी तिथं आणू का नवी घ्यायची?" त्याला कामावरून घरी बसवल्याचे त्याने घरी कळवले नव्हते. तो रोज सकाळी डबा भरून खोलीबाहेर पडत होता आणि डबा माझ्या ओट्यावर बसून खात होता.

मी तीन पानी अर्ज लिहिला. पहिल्या पानावर भारतीय संस्कृतीत अवजाराचे स्थान. दुसऱ्या पानावर श्रद्धेचे स्वातंत्र्य. तिसऱ्या पानावर मुख्य मुद्दा: एजन्सीच्याच परिपत्रकात "मोबाईल हे कामाचे साधन असून ते कर्मचाऱ्याने जपावे" असे छापले असताना, साधन पूजेत ठेवणे हा जपण्याचाच सर्वोच्च प्रकार होय. हे वाक्य लिहून झाल्यावर मी स्वखर्चाने चहा मागवला.

असा अर्ज टपालाने पाठवणे हा त्याचा अपमान झाला असता, म्हणून मी स्वतः सोबत गेलो. इस्त्रीचा सदरा घातला.

मालकांचे कार्यालय म्हणजे त्यांच्या जुन्या घरासमोरील दोन खोल्या. जिथे त्यांच्या वडिलांची ज्वारी होती तिथे आता शेड आहेत. मालक पन्नाशीचे, भरदार मिशीचे आणि बोलायला मोकळे. कोपऱ्यात ताई संगणकासमोर बसल्या होत्या. संगणकाच्या कडेला झेंडूची वाळलेली माळ अजून लटकत होती आणि पडद्याच्या काचेवर कुंकवाचा टिळा होता. टिळ्याखालून निळी टिंबे फिरत होती.

"या वकीलसाहेब," मालक मला म्हणाले. ते मला चिडवत होते हे मला कळत होते. पण पदवी ही पदवीच असते, म्हणून मी हरकत घेतली नाही.

मी अर्ज उभा राहून वाचू लागलो. दीड पान झाले तेव्हा मालकांनी हात वर केला.

"थांबा राव. आमी बी पूजा करतो. आईनं ह्या कम्पुटरला बी हळदकुंकू लावलंय, बघा. ती म्हनली, आज हात लावू नका."

"मग त्या दिवशी हात कोणी लावला?" मी ताबडतोब विचारले.

ताईंनी मान खाली घातली. "मी काही चालू केला नाही. तो रात्रीपासून चालूच होता. मी नुसतं बघत होते."

"बघायला काय पाप न्हाई," मालक म्हणाले आणि मेकॅनिककडे वळले. "हे बघ भावा, तू फोन पुजलास, चांगलं केलंस. पन त्या दिवशी तुझी पाळी व्हती. सुट्टी असली तरी बोलावलं की जायाचं, असं ठरलंय ना? चाकनचा कॉम्प्रेसर नऊ वाजता बंद पडला. रंगाचं काम थांबलं. ही बाई फोन करून करून दमली. गिऱ्हाईक घरनं फोन करून माज्यावर वराडलं. मी काय सांगू त्याला, आमचा मानूस फोनची पूजा करतोय म्हनून?"

खरे सांगायचे तर माझ्या तीन पानांत याचे उत्तर नव्हते. मी चौथ्या मुद्द्याच्या शोधात पाने उलटू लागलो. मेकॅनिक जमिनीकडे बघत होता. मला वाटले, पाटी गावातच राहणार.

तेवढ्यात मालक स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "बरं झालं, दहा-साडेदहाला त्यो आपोआप चालू झाला. न्हाईतर गिऱ्हाईक गेलंच व्हतं."

मेकॅनिकने मान वर केली. "मालक, कॉम्प्रेसर कधी आपोआप चालू होतो व्हय?"

"मंग?"

"म्या केला."

मालक खुर्चीत पुढे सरकले.

"आदल्या दिवशी तिथं गेलो व्हतो ना, तवा त्याचा आवाज मला पटला न्हाई. दमल्यावानी करत व्हता. सुपरवायझरला म्हणलो व्हतो, उद्या येऊन बघतो. पूजा झाली, सातच्या बसनं चाकणला गेलो. बसला गर्दी लई, मोशीला ट्राफिक, पोचेस्तवर नऊ वाजून गेले. मी जाईपर्यंत तो गरम होऊन बंदच पडलेला. हवेचा फिल्टर धुळीनं पार बुजलेला. त्याचा नट हातानंच निघतो. झटकला, साफ केला, साठलेलं पाणी सोडलं, थंड व्हऊ दिला आन् चालू केला."

"आन् पाने?"

"पाने पूजेत." तो दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "हात कुठं पूजेत ठिवले व्हते मालक?"

मालकांनी ताईंकडे बघितले. ताईंनी तक्रारींची वही उघडली. साडेदहा वाजता चाकणहून सुपरवायझरचा फोन आला होता. एजन्सीनेच माणूस पाठवला असे समजून "चालू झाला" एवढेच बोलून त्यांनी फोन ठेवला होता. ताईंनी नकाशावर बघितले. टिंब भोसरीत खोलीवर होते. म्हणजे माणूस खोलीवर होता. म्हणून त्यांनी वहीत लिहिले होते: "यंत्र आपोआप चालू झाले. तक्रार बंद."

मालकांनी तिथल्या तिथे चाकणच्या गेटवर फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. सुरक्षारक्षकाने वही उघडून वाचले: येणे नऊ वाजून दहा, जाणे अकराला पाच कमी, सही आहे. वर तो म्हणाला, "त्यांच्याजवळ मोबाईल नव्हता साहेब, म्हणून मोबाईल जमा केल्याचं टोकन दिलं नाही. मी म्हटलं, पहिला माणूस बघितला बिनमोबाईलचा."

मालक खुर्चीत मागे रेलून इतके हसले की डोळ्यांतले पाणी मिशीच्या टोकापर्यंत आले. मग एकदम थांबून मेकॅनिकवर ओरडले, "मंग इतके दिवस बोलला का न्हाईस, गाढवा?"

त्याने माझ्याकडे बघितले. त्या दृष्टीत तक्रार नव्हती, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. "पत्रात फोन कुठं व्हता त्येच इचारलं व्हतं. ताईंनी त्येच इचारलं. साहेबांनी बी त्येच इचारलं. मी कुठं व्हतो ते कुनीच न्हाई इचारलं."

माझ्या हातात तीन पाने होती. बावीस वर्षांत प्रथमच मला अर्ज खिशात घालावासा वाटला, आणि मी तो घातला. मालकांनी नकाशा पाहिला, ताईंनी नकाशा पाहिला. मी तर नकाशाही पाहिला नव्हता, केवळ पत्र पाहिले होते. तरी आम्हा तिघांची चूक एकच होती. त्या दिवसापासून मी अर्ज लिहिण्याआधी समोरच्याला आजोळापासून बोलू देतो. दिवसाला दोन अर्ज कमी होतात. चालायचेच.

पुढील हकीकत आनंदाची आहे. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी कामावर गेला. दिवाळीच्या आधी त्याला कायम केल्याचे पत्र मिळाले. तेही इंग्रजीत होते, ते मी त्याला वाचून दाखवले, आणि त्याने मला दुसऱ्यांदा वाचायला लावले. मुलगी आली ती गावची पाटी छातीशी धरून. आता ती भोसरीच्या शाळेत जाते आणि तिथल्या मुलांना परभणीची बोली शिकवते, अशी शाळेतून तक्रार आहे. त्या तक्रारीचे उत्तर मी लिहून दिलेले नाही, कारण मला ती तक्रार वाटत नाही.

यंदा खंडेनवमीला मालकांनी नवे परिपत्रक काढले. मोबाईलला हळदकुंकू लावावे, फूल वाहावे आणि लगेच खिशात ठेवावा. मसुदा माझा आहे. त्यात मालकांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: फोन न उचलल्यास आधी गिऱ्हाईकाच्या गेटवर विचारावे, मग रागवावे. संगणक मात्र यंदा त्यांच्या आईने स्वतः उभे राहून बंद करायला लावला. दसऱ्यापर्यंत भोसरीतले एकही टिंब कोणाला दिसले नाही आणि माझ्या माहितीप्रमाणे एकही मेकॅनिक हरवला नाही.

आता ती राहिलेली ओळ.

एजन्सीच्या तक्रार वहीत गेल्या खंडेनवमीच्या नोंदीपुढे आजही "यंत्र आपोआप चालू झाले" असेच लिहिलेले आहे. मी ताईंना दोनदा तोंडी सांगितले. त्या म्हणाल्या, "काका, आता काय त्याचं? पगार मिळाला, पत्र मिळालं." मालक म्हणाले, "राहू द्या राव, आमाला म्हाईती हाय ना." परंतु मालकांना जे माहीत आहे ते वहीला माहीत नाही. उद्या मालक नसतील, ताई नसतील, मीही नसेन. वही राहील आणि ती खोटे बोलेल.

सबब मालक महोदयांना विनंती की, सदर ओळ लाल शाईने छेदून तिच्या जागी "आपल्या मेकॅनिकने प्रत्यक्ष जाऊन, अवजाराविना, हाताने चालू केले" असे लिहून खाली सही करावी, आणि तसे केल्याचे या अर्जदारास लेखी कळवावे. फोन करू नये. मी ओट्यावरच असतो. टिंब नसले तरी सापडेन.