मिस्त्री आणि कंपनीचं फाटक

आमची मोटार उतारू घेऊन मंद्रूपला जायची तेव्हाची गोष्ट. बिघडली की हे ती आमच्या भवानी पेठेतल्या मिस्त्रींकडेच न्यायचे. मोटार कंपनीच्या कारखान्यात नेली तर कमाई सगळी तिथंच जायची हो. मिस्त्री इंजिनाला कान लावायचे नि म्हणायचे, "वहिनी, कंपनीवाले पान्यानं न्हाय, कागदानं मोटार दुरुस्त करत्यात!" आणि स्वतःच हसत बसायचे.

पुढं पुढं थकले. पाना हातातून निसटायचा, मीच कितीदा उचलून दिला. एकदा ब्रेक धड लागेना, तर चाक खोललं, बराच वेळ बघितलं, तसंच परत बसवलं. म्हणाले, "कंपनीत न्या."

हे म्हणाले, "तुमीच करा की. तितलं परवडतंय का?"

"ब्रेक हाय मालक, भोंगा न्हाय. हात कापतोय माजा."

ह्यांना पटेना, तरी कंपनीत न्यायला कबूल झाले; पण मोटार तशीच चालवत न्यायला निघाले. तशी मिस्त्रींनी शेजारची बैलजोडी आणून मोटारीला जुंपली आणि कासरा धरून पुढं चालू लागले. सगळी पेठ हसली. ते कंपनीच्या फाटकाशी थांबले, आत काही गेले नाहीत. तिथल्या कारागिराला बाहेरूनच म्हणाले, "नीट बघा बाबा. माणसं बसत्यात हिच्यात."