तात्यांच्या फाटकासमोर थांबलेली गाडी

आत्या गेली.

शेवटची काही वर्षं आम्ही तिच्यापासून गाडीची चावी लपवून ठेवायचो. ती दर वेळी शोधून काढायची.

काल दुपारी, झोपेतच गेली. नव्वदीच्या घरात होती. कुणालाही कामाला न लावता केलेलं हे तिचं पहिलंच काम असेल.

तुमच्यापैकी बरेच जण तिला गणिताच्या कडक बाई म्हणून ओळखतात. साठच्या दशकात ती मोटार रॅलीत भाग घ्यायची, हे फार थोड्यांना माहीत आहे.

आणि शेजारी बसून नाही. स्टिअरिंग तिच्या हातात. काका, म्हणजे तिचे यजमान, नकाशा मांडीवर घेऊन नेव्हिगेटर.

लोक हमखास उलटं समजायचे आणि काकांचं अभिनंदन करायचे. काका म्हणायचे, "अहो, मी फक्त डावीकडे की उजवीकडे तेवढं सांगतो. तेही ती ऐकतेच असं नाही."

आता रॅलीची नॅशनल चॅम्पियनशिप असते. स्पॉन्सर, हेल्मेट, कॅमेरे. हे सगळं येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा मुंबईचे हौशी लोक घरचीच गाडी घेऊन उतरायचे. आत्याची गाडी सेकंडहँड होती आणि चढावर तिला बरंच समजवावं लागायचं.

या सगळ्याच्या भयंकर विरोधात एक माणूस होता. तिचे वडील. माझे आजोबा, तात्या.

अलिबागजवळ नागावला आमची नारळ-सुपारीची वाडी. तात्यांचा गावात दरारा. एका रॅलीनंतर पेपरात आत्याचा फोटो आला, पँट घातलेली, बॉनेटला टेकून उभी. तात्यांनी तो पाहिला.

"ड्रायव्हरकी करायला शिकवलं नव्हतं तुला. या घरात पाऊल ठेवू नकोस."

आत्या त्यांचीच मुलगी. तिने नाही ठेवलं.

दोन दिवाळ्या गेल्या. भाऊबीजेला माझे बाबा मुंबईला तिच्याकडे जायचे. आजी आमसुलं नि सांडगे बांधून द्यायची, तात्या समोर बसून न पाहिल्यासारखं करायचे.

मग एका वर्षी रॅलीचा रस्ता अलिबागवरून रेवदंड्याला आला. म्हणजे बरोब्बर आमच्या फाटकावरून.

आता इथे रॅलीचा एक नियम सांगायला हवा. ही शर्यत नव्हे. जो आधी पोचला तो जिंकला, असं नसतं. ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी पोचायचं. उशीर झाला तर मार्क जातात. आणि लवकर पोचलात तरी जातात!

त्या दिवशी आत्या जबरदस्त चालवत होती. कप मिळण्याची चांगलीच आशा होती. अलिबाग सोडल्यावर काका घड्याळ बघून म्हणाले, "आपण लवकर आहोत. रेवदंड्याच्या आधी कुठेतरी थोडं थांबायला लागेल."

कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

त्या रस्त्याला सावलीच्या जागा कमी आहेत का? पण हिने गाडी आणून उभी केली ती थेट माहेरच्या फाटकासमोर.

सगळं गाव रस्त्यावर. तात्या एकटेच आत, पडवीत, रस्त्याकडे पाठ करून बसलेले.

आमचा वाडीतला गडी धावत आत गेला. "अवो तात्या, आपली ताय हाय गाडीत! आन् हाकतेय पन तीच!"

तात्या बराच वेळ इंजिनचा आवाज ऐकत बसले. मग उठले, चपला घातल्या आणि फाटकापर्यंत आले. बाबा तिथेच उभे होते, त्यामुळे पुढचं सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं.

"का थांबलीस? बिघडली?"

"नाही. लवकर आले म्हणून."

"मग आत ये की."

"पाऊल ठेवू नकोस म्हणाला होतात."

काका नकाशात डोकं घालून बसले.

तात्या वळले आणि घरात गेले. आत्याला वाटलं, संपलं. तिने गिअर टाकला. तेवढ्यात काकांनी तिच्या हातावर हात ठेवला.

तात्या परत येत होते. हातात पाण्याचा तांब्या. ज्या माणसाने घरात कधी स्वतःचं पाणी स्वतः घेतलं नाही, तो भरलेला तांब्या सांभाळत, धोतर सावरत रस्त्यावर आला आणि गाडीच्या खिडकीशी उभा राहिला.

आत्याला पाणी पिता येईना. रडूच आवरेना तिला. हातातली मिनिटं केव्हाच संपली होती आणि काका, देव त्यांचं भलं करो, एक शब्द बोलले नाहीत.

शेवटी तात्याच म्हणाले, "डोळे पूस. रस्ता नीट दिसायला हवा. पुढे वळणावर खड्डा आहे, डावीकडून घे."

पुढे रस्त्यात ही गर्दी. बैलगाड्या, सायकली, पोरंटोरं. तात्या गाडीच्या पुढे गेले, मधोमध उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून ओरडले.

"बाजूला व्हा रे! माझी मुलगी चाललीय!"

बाबा सांगायचे, तात्यांचा आवाज रस्त्यावर चढलेला त्यांनी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

रेवदंड्याला ते उशिरा पोचले. मार्क गेले. कप दुसऱ्याच कुणालातरी मिळाला.

त्या दिवाळीला आत्या माहेरी आली. गाडी चालवत. पाडव्याला तात्या अलिबागला निघाले ते तिच्या शेजारच्या सीटवर बसून, आणि वाटेत भेटेल त्याला हात करत.

कॉलेजात असताना मी तिला विचारलं होतं, "आत्या, एवढा हातातला कप गेला. वाईट नाही वाटलं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली.

"वेडी आहेस का गं? तात्या ओरडले माझ्यासाठी. सगळ्या गावासमोर!"

आत्या, तुझ्यासारखी तूच. तुझी भाची म्हणवून घेताना फार अभिमान वाटतो. शेवटचा नमस्कार.