पट्टीनं मोजलेली अमेरिका

आता माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. नाहीतर आमच्या पळसदेव गावातलं कुणीही सांगेल, आणि तिखटमीठ लावून सांगेल!

माझी लेक दीक्षा न्यूयॉर्कला निघाली होती. पीएचडीला, पूर्ण स्कॉलरशिपवर! आमच्या घराण्यात विमानात बसणारी पहिलीच. मी सांगायचं कुणाला बाकी ठेवलं नव्हतं. एसटीच्या कंडक्टरलासुद्धा तिकीट घेता घेता सांगून टाकलं.

पहाटे दोनला मुंबईहून विमान सुटलं. सकाळी मी चहाच्या हॉटेलात जगाचा नकाशा टांगला. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय, चेष्टा आहे का? पट्टी ठेवली आणि मुंबई ते न्यूयॉर्क सरळ लाल रेघ ओढली.

"सौदी, इजिप्त, पुढचं वाळवंट, मग नुसता समुद्र. चौदा हजार किलोमीटर!"

"पन दीक्षा तर साडेबारा हजार म्हनत व्हती," आमचे शेजारी तात्या म्हणाले. उजनीच्या पाण्यात जाळं टाकण्यात त्यांची हयात गेली. "सोळा तासांत पोचती म्हनली."

"तात्या, पोरगी ऐकीव सांगती. मी पट्टीनं मोजलंय!"

दुपारी बारा वाजता मोबाईलवर विमान बघितलं. ते आइसलँडपाशी! माझी लाल रेघ कुठं आणि विमान कुठं? एकुलती एक पोर हो माझी!

"पायलट रस्ता चुकला! उत्तर ध्रुवाला चाललाय!"

"कुनी पळवून तर न्हाय नेलं?" तात्यांनी धीर दिला तो असा.

मी थेट विमान कंपनीला फोन लावला. "बाई, पायलटला सांगा, डावीकडं वळ म्हणावं!"

"सर, विमान वेळेवर आहे."

"वेळेवर असंल हो, पण चाललंय कुठं?"

तिनं फोन ठेवला. मी कपाळाला हात लावून बसलो. तेवढ्यात भानुदास उठला. माझा जुना विद्यार्थी, आता कलिंगडं पिकवतो. टेम्पोतून एक कलिंगड आणलं, देठ वर धरला आणि पेनानं दोन ठिपके दिले.

"गुरुजी, ही मुंबई, ह्ये न्यूयॉर्क." दोन्हींमध्ये दोरा ताणला. दोरा सरकत सरकत वर देठाजवळ गेला! "हीच जवळची वाट. इमान काय कागदावर उडतंय व्हय?"

मी त्या दोऱ्यावरून बोट फिरवून बघितलं.

"म्हणजे दीक्षा बरोबर रस्त्यावर हाय?"

"ती हाय, गुरुजी. तुमीच न्हाय."

मग जे हसू फुटलं, विचारू नका!

संध्याकाळी फोन आला. "जयभीम आप्पा, पोचले!" मी स्पीकर लावला. अख्ख्या हॉटेलानं टाळ्या वाजवल्या. माझी छाती फुगली, डोळेही भरले. पण तात्यांना कुठला दम निघतोय? त्यांनी सगळी हकीकत तिला तिथंच ऐकवली.

दीक्षा हसून हसून दमली. "आप्पा, पृथ्वी गोल असती, ह्ये तुमीच शिकवलं की मला!"

शिकवलं हो. तीस वर्षं शिकवलं. पण मला स्वतःला ते पटलं त्या दिवशी!