भर चौकातला सत्कार

आमच्या पेठेत कुणी काही चांगलं केलं की त्याचा सत्कार होतो, त्यातनं सुटका नाही. पोरगी दहावी पास झाली, सत्कार. कुणाची म्हैस प्रदर्शनात पहिली आली, म्हशीचा सत्कार. हलगी, गुलाल, फेटा, शाल, नारळ, आणि चौकात माणसापेक्षा मोठा छापील फोटो, ज्याला आम्ही नुसतं 'डिजिटल' म्हणतो. सगळंच जगात भारी करायची खोड, दुसरं काय! जन्म इथंच गेला माझा, मीही टाळ्या वाजवत आले. सत्कारानं कुणाचं वाटोळं होईल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

मी पेठेत पिठाची गिरण चालवते. कुणाच्या घरात काय शिजतंय ते दळणाबरोबर माझ्याकडं येतं. तरी माझ्या सख्ख्या भावाच्या पोराची बातमी मलाच सगळ्यांत शेवटी कळली. माणसं दळण टाकून गप्प उभी राहायची, आणि मी आपली बडबडत असायची.

पोरगं पोलीस भरतीची तयारी करत होतं. पळताना दम टिकतो म्हणून जिममधल्या कुणीतरी इंजेक्शन दिलं. आधी मैदानापुरतं, मग रोजचीच नशा. भाऊ माझा आधीच वारलेला. वहिनी दिवसभर मशीनवर ब्लाउज शिवायची, तिला वाटायचं पोरगं पळून पळून वाळलंय. खुळी ती, आणि मी तिच्याहून खुळी.

असली पोरं आणखी काही घरांतनं निघाली तेव्हा तालमीच्या मंडळानं मनावर घेतलं. इथं मी कुणाचं श्रेय खाणार नाही. अध्यक्ष म्हणजे जुने पैलवान, कान मोडलेले, बोलणं हाळी दिल्यासारखं. शाळेमागच्या ज्या पडक्या शेडात पोरं सुया टोचायला जमायची, तिथं त्यांनी संध्याकाळी आळीपाळीनं माणसं बसवली. औषध दुकानदारांना हात जोडून समजावलं, एकाला हात न जोडता समजावलं. आम्हा बायकांना घरोघर पाठवलं, की पोराला मारू नका, लपवू नका, डॉक्टरकडं न्या. "मारून पैलवान होत न्हाई, तर पोरगं कसं सुधारंल?" असं ते म्हणायचे. माझ्या भाच्याला उपचाराच्या केंद्रात त्यांनीच नेऊन ठेवलं. वहिनीनं अंथरूण धरलं तेव्हा हा एवढा धिप्पाड माणूस तिच्या पायरीवर बसून राहायचा.

भाचा बरा होऊन आला आणि मी त्याला गिरणीत घेतलं. सुरुवातीला हात कापायचे, डबा उचलताना पीठ सांडायचं. बायका एकमेकींकडं बघायच्या, मग मी असे डोळे वटारायची की बघणारी आपलाच डबा बघायला लागायची. हळूहळू कुणाची ज्वारी बारीक, कुणाची जाडसर, हे त्याला न सांगता कळायला लागलं. एकदा गिरण थांबवल्यावर जोत्यावरचं पीठ झाडताना म्हणाला, "आत्ती, हितं मला कुणी काय इचारत न्हाई, त्येच लई बरं वाटतंय बघ." मी म्हटलं, "इचारू दे की कुणी, गिरणीच्या पट्ट्यात घालते त्याला." हसला. किती दिवसांनी हसला होता.

मग उचगावला एका गोदामात माल उतरवून घ्यायचं काम लागलं. मालकाला मागचं काही ठाऊक नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती. वहिनीनं अंबाबाईला ओटी वाहिली. पोरगं सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचं आणि ती कोपऱ्यापर्यंत बघत उभी राहायची.

त्यात आला मंडळाचा वर्धापनदिन. भाच्याला निरोप आला, खुर्च्या लावायला ये. तो गेला बिचारा, खुर्च्या मांडल्या, पाणी भरलं. आणि भर कार्यक्रमात हलगी कडाडली, माइकवरनं त्याचं नाव पुकारलं, दोघांनी दंडाला धरून स्टेजवर नेलं आणि डोक्याला फेटा बांधला. मागचा पडदा सरकला. दोन मजले उंच डिजिटल! चुलत भावाच्या लग्नात काढलेला त्याचा फोटो, आणि वर लिहिलेलं, 'नशेला चितपट करणारा पेठेचा ढाण्या वाघ'. खाली मंडळातल्या सगळ्यांचे चेहरे ओळीनं.

सगळा चौक टाळ्या वाजवत होता, आणि मनापासून वाजवत होता. वहिनी रडत होती, आनंदानं. इतक्या दिवसांत तिच्या पोराला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं हो, तिचं तरी काय चुकलं? मी मात्र त्याच्याकडं बघत होते. फेट्याखाली तोंड पांढरंफटक पडलेलं, आणि नारळ धरलेला हात पुन्हा कापायला लागलेला.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या मोबाईलच्या स्टेटसला आमचा वाघ. उचगावच्या मालकालाही तो दिसला. माणूस वाईट नव्हता, शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. "पावणं, राग मानू नगा. पण गोदाम दुसऱ्यांच्या मालानं भरलेलं असतंय. उद्या एक पेटी कमी निघाली तर मी कुणाकडं बघू?" एवढंच म्हणाला आणि त्याला कामावरनं कमी केलं. रस्त्यानं जाताना लोक प्रेमानं हाक मारायचे, "काय वाघ, कसं काय?" पोरगं मान खाली घालून पुढं जायचं. ते जिममधले जुने दोस्तही दारात येऊन उभे राहायला लागले.

मी पिठानं माखलेली तशीच तालमीत गेले. "पैलवान, अक्कल गहाण टाकली काय? पोराच्या दुखण्याचा बोर्ड लावताय? उद्या कुणाच्या मूळव्याधीचा लावा!"

ते चपापलेच. "आक्का, अवो चांगलंच केलं की. पोराला मान दिला आमी."

"मागितला होता का त्यानं मान?"

कुस्तीत आयुष्य गेलेला माणूस, त्याला जिंकणं माहीत आणि जिंकल्यावरचा फेटा माहीत. मधलं काही माहीत नव्हतं. ते उठले, शिडी लावली आणि पोरांना हात लावू न देता स्वतः तो बोर्ड उतरवला. उतरून खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. माझा राग तिथंच अर्धा झाला, आणि उरलेल्या अर्ध्या रागाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

बोर्ड उतरला, पण उपयोग काय! महिन्याच्या आत पोरगं पुन्हा सुईवर गेलं. पुन्हा केंद्र, पुन्हा वहिनीचं अंथरूण. ह्या वेळी तो तिथनं सुटला, पण घरी आलाच नाही. मला फोन आला. "आत्ती, मी बरा हाय. एका दुकानात लागलोय. हितं मला कुणी वळखत न्हाई. आईला म्हणावं येऊ नको. ती आली की रडणार, रडली की लोक इचारणार." पुढं मी काही बोलायच्या आत फोन ठेवला.

वर्ष होत आलं तसं एक गिऱ्हाईक दळण घेता घेता बोलून गेलं, तुमचा भाचा नृसिंहवाडीला पेढ्याच्या दुकानात दिसला. मी दोन दिवस तोंड दाबून ठेवलं. मग वहिनीला सांगितलंच. आईपासनं किती लपवायचं?

"लांबनं बघू, वन्सं," ती म्हणाली. "दत्ताची शपथ, लांबनं."

एसटीनं गेलो. दर्शनाला ती उभी होती, पण लक्ष कुठं होतं! बाहेर आलो आणि समोरच्या फुलवाल्याच्या आडोशानं बघितलं. गालावर मांस आलेलं. पेढे तोलत होता, हात अगदी स्थिर. मला रडूच फुटलं, पदर तोंडात कोंबला. "बघितलंस न्हवं? चल आता," मी म्हटलं. पण वहिनीचे पाय दुकानाकडं वळले होते.

त्यानं मान वर केली आणि तसाच राहिला. गल्ल्यावरनं मालक म्हणाला, "बघ रं, मावशींस्नी काय पायजे."

मला वाटलं, आता ही हंबरडा फोडते. वहिनीनं पदर सारखा केला.

"पेढे ताजे हाईत न्हवं?"

"आजचेच हाईत, मावशी," तो म्हणाला.

"मग पाव किलो द्या." जन्मात तिनं त्याला अहोजाहो केलं नव्हतं.

त्यानं पुडा बांधून दिला. तिनं घेतला, पण हलेना. मागं माणसं खोळंबली. तिच्या तोंडून निसटलंच, "जेवलासा का?"

मालक हसला. "काळजी करू नगा, मावशी. आई न्हाई बिचाऱ्याला. आमीच जेवाय घालतोय."

वहिनीनं एकदा पोराकडं बघितलं, एकदा मालकाकडं.

"लई बरं करताय," ती म्हणाली. "घाला."