सोनकांबळेकाकूंचा अंगठा

सोनकांबळेकाकूंच्या आधी मला त्यांचे पाय भेटले. नवघरच्या या बिल्डिंगीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. जिना चढून वर येते तर शेजारच्या उघड्या दारात स्टूल, स्टुलावर दोन पोटऱ्या आणि आतून आवाज, “घाबरू नको माय, जित्ती हाय मी!”

कमरेच्या मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. आधी पालथं पडून कोपरांवर छाती उचलायची, मग उताणं होऊन पाय स्टुलावर, असे व्यायाम दिलेले. खोली एवढीशी आणि आतल्या भिंतीवर बुद्धांची तसबीर. तिच्याकडे पाय कसे करायचे? म्हणून डोकं आत, पाय दारात. “कळ टाचेतून मांडीत आली,” त्या खुशीत सांगायच्या. “वर सरकली म्हणजे बरं असतंय. निघाली सटवी!”

पण डॉक्टरांनी बजावलं होतं, पायाचा अंगठा वर उचलेनासा झाला तर व्यायाम पुरे, ताबडतोब ऑपरेशन. ऑपरेशनचं नाव काढलं की काकू कानांवर हात ठेवायच्या. मग जिन्यावरून जाईल त्याला त्या हटकायच्या, “अंगठा वर होतोय का बघ बरं.” समोरची भाभी भाजीची पिशवी सावरत म्हणायची, “होता है मासी, एकदम मस्त!” वरच्या मजल्यावरचे काका तर टाळ्याच वाजवायचे.

एका सकाळी मी बघितलं. डावा अंगठा ढिम्म. म्हटलं, “काकू, हा हलत नाहीये. आजच डॉक्टरकडे चला.”

“तुझा चष्मा पूस आधी!”

भाभीनं मला बाजूला घेऊन झापलं, “पेशंट को ऐसा बोलते हैं क्या?” असा संताप आला मला! कौतुकानं नस सुटते का? मी रोज तेच म्हणत राहिले, तशी काकूंनी मला विचारणंच सोडलं. मी दिसले की डोळे मिटून घ्यायच्या.

चालताना पाऊल फरशीला घासायला लागलं, तेव्हा कुठे त्यांचा मुलगा रजा टाकून त्यांना घेऊन गेला. ऑपरेशन झालं, दुखणं गेलं, पण पावलातली ताकद काही परत आली नाही. उशीर झाला, एवढंच डॉक्टर म्हणाले. आता काकू गुडघा उंच उचलून चालतात. डावी चप्पल पायात टिकत नाही. भाजीला खाली उतरणंही संपलं.

परवा मला राहवलं नाही. म्हटलं, “तेव्हा माझं ऐकलं असतंत तर!”

“मला कळत नव्हतं होय?” काकू म्हणाल्या. “पाय माझाच होता ना. पण ते सगळे ‘होतोय’ म्हणाले की तेवढ्यापुरता झाल्यावाणी वाटायचा, माय. तू तेवढी मेली खरं बोलायचीस.”