नाकवाल्या काकूंची बाटली

सौंसरला आमच्या मोहल्ल्यात कुणाचं लोणचं बिघडलं, तर ते घरच्यांच्या आधी नाकवाल्या काकूंना कळायचं. सकाळी त्यांच्या ओट्यावर बाया बरण्या घेऊन यायच्या. काकू बरणी आधी उन्हात धरून पाहायच्या, मग झाकणावर नखाने टिचकी मारायच्या आणि सगळ्यात शेवटी उघडून हुंगायच्या. निकाल दोनच: ‘आहे’ किंवा ‘गेलं’. एकदा कुणी घासाघीस केली, “काकू, थोडंसंच तर बिघडलं नं?” काकू म्हणाल्या, “बाप्पा! थोडंसं बिघडलं असं काई नसते वो. फेका.”

हे नाक त्यांना बोरगावच्या वाटेवरच्या एका छोट्या कारखान्याने दिलं होतं. तिथे संत्र्याचं सरबत बाटल्यांत भरायचे आणि काकू बाटल्या पारखायला बसायच्या. गळ्याशी फेस, फुगलेलं झाकण, तळाशी बसलेला गाळ. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. कारखाना बंद पडला, नाक तेवढं राहिलं. “उघडाच्या आधी पाहाचं,” त्या सांगायच्या, “सारं बाहेरूनच समजते. अन् जिभेले कदी लावाचं नाई.”

चौऱ्याऐंशी साली मी सौंसरच्या शाळेत शिकवायला आले आणि त्यांच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेतली. माझं घर पांढुर्ण्याला. आईने दिलेल्या लिंबाच्या लोणच्यावर काकूंनी पहिल्याच आठवड्यात ‘गेलं’ म्हणून शिक्का मारला. मला राग आला. आईचं लोणचं कसं जाईल? मी ते लपवून खाल्लं आणि दोन दिवस अंथरुणाला खिळले. काकूंनी तांदळाची पेज करून आणली, शेजारी बसून राहिल्या, पण लोणच्याचं नाव काढलं नाही. एकटीने राहायची सवय नसलेल्या मला ते बसणंच औषधासारखं वाटलं.

काकूही एकट्याच होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलता एक मुलगा आखाती देशात कुठल्याशा हॉटेलच्या स्वयंपाकघरात होता. मी आले त्याच वर्षी त्याच्या ओळखीचा एक माणूस नागपूरच्या बसने आला आणि एक काचेची बाटली देऊन गेला. वर पिवळसर तेल, खाली पांढुरकं काहीतरी, त्यात हिरवी पानं. काकूंनी ती दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली.

“तुमाले इंग्रजी येते, बाई. काय लिवलं?”

“सॅलड ड्रेसिंग. काकडी-टमाटरवर ओतायचं.”

“म्हंजे कोशिंबिरीचं तेलच नं. अन् हे आकडे?”

“तारीख आहे. पुढच्या मार्चच्या आत संपवायची.”

“त्याच्या आंदीच येईन तो,” काकू म्हणाल्या. “त्याच्याच हातानं उघडू.”

बाटली बुद्धाच्या तसबिरीशेजारच्या फळीवर गेली. रोज सकाळी काकू ती हलवायच्या. तेल आणि खालचं एक व्हायचं, दुपारपर्यंत पुन्हा वेगळं. मुलाची पत्रं मी वाचून दाखवायची, उत्तरं मीच लिहायची. आधी महिन्याला एक पत्र यायचं, मग सणावारी. मार्च गेला. पुढचा मार्चही गेला. पत्रं यायची थांबली.

आता तेल गढूळलं होतं. पानं काळी पडली होती. झाकणाच्या कडेने चिकट ओघळ आला होता आणि कितीही हलवलं तरी तळाचा थर सुटत नव्हता. माझ्यासारख्या कच्च्या नाकाच्या बाईलाही ते दिसत होतं. गावभरच्या बरण्या क्षणात ‘गेलं’ म्हणणाऱ्या काकू मात्र ती बाटली फडक्याने पुसायच्या आणि पुन्हा फळीवर ठेवायच्या. आधी तारीख मीच वाचली होती, आता तिचं नाव घ्यायची माझी हिंमत नव्हती.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात माझी पांढुर्ण्याला बदली झाली. मी ट्रंक बांधत होते. काकू बाटली घेऊन दारात आल्या, माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी झाकण फिरवलं. खवट वास खोलीभर झाला. नाक जवळ न्यायची गरजच नव्हती, तरी त्यांनी नेलं. डोळे मिटून बराच वेळ हुंगत राहिल्या.

“गेली, बाई,” त्या म्हणाल्या.

मागच्या अंगणात खड्डा करून त्यांनी ती ओतली, बाटली राखेने घासून धुतली, उन्हात पालथी घातली. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, “एक पत्र लिवून देता? लिवा, बाटली उघडली. चव लय चांगली होती. मी अन् बाईनं मिळून सारी संपवली. आता दुसरी नको पाठवू, तूच ये.”

बाटलीबद्दल काकू कधी खोटं बोलल्या नव्हत्या. मी जसंच्या तसं लिहिलं.

पत्र मी पांढुर्ण्याला पोचल्यावर टाकलं आणि सवयीने पाठवणाऱ्याच्या जागी माझ्या नव्या शाळेचा पत्ता घातला. तीन महिन्यांनी ते पत्र माझ्याच टेबलावर परत आलं. त्या पत्त्यावर असा माणूस नाही, असा शिक्का होता. चूक माझी, आणि तिचा फायदाही मीच घेतला. काकूंना कळवलं नाही.

दिवाळीच्या सुटीत सौंसरला गेले तेव्हा पाकीट पर्समध्ये होतं. आज सांगायचंच, असं बसमध्ये ठरवलं होतं. काकूंनी चहा दिला, माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग विचारलं, “पत्राचं काई समजलं का?”

मी पर्सच्या चेनला हात लावला. काकूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बरणी उन्हात धरून पाहायच्या ना, अगदी तसं. मग माझ्या हातावर हात ठेवला.

“राहू द्या, बाई,” त्या म्हणाल्या. “उघडू नका.”